मूळपेशीची चेतापेशी कशी होते?



आपल्या त्वचेची पेशी आणि मेंदूतील चेतापेशी यांच्या रूपात व कामात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तरीही दोघींजवळचा ग्रंथ एकच, सुमारे २०,००० जनुकांचा. मग फरक पडतो कोठे? कोणते पान केव्हा उघडायचे, यात. यालाच जनुकनियंत्रण म्हणतात. काही प्रथिने डीएनएवरील ठरावीक जागी बसून जनुके चालू किंवा बंद करतात. शिवाय डीएनएची गुंडाळी जेथे घट्ट असते, तेथील जनुक वाचले जात नाही.

गर्भाच्या मेंदूतील मूळपेशी आधी चेतापेशी तयार करतात आणि नंतर त्यांना आधार देणाऱ्या ग्लिया पेशी. ही वेळ कोण ठरवते? याचे एक उत्तर आपल्या जवळच, मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मिळाले. डॉ. शुभा टोळे व त्यांच्या विद्यार्थ्यांनी उंदरांच्या गर्भावर प्रयोग केले. स्मरणशक्तीशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागातील मूळपेशींतून एलएचएक्स-२ हे जनुक काढताच त्या वेळेआधीच ग्लिया तयार करू लागल्या. उलट, तेच जनुक जादा दिल्यावर ग्लियाच्या काळातही चेतापेशी तयार होत राहिल्या. हे २०११ साली प्रसिद्ध झाले. हेच जनुक गर्भाच्या आधीच्या टप्प्यात मात्र निराळे काम करते, हे त्यांनी २००८ मध्येच दाखवले होते. म्हणजे जनुकाइतकीच वेळही महत्त्वाची.

मित्रहो, हे ज्ञान परीक्षेपुरते नाही. मूळपेशींचे इंजेक्शन दिले की मुलाचा मेंदू सुधारेल, असे स्वमग्न मुलांच्या आईवडिलांना सांगितले जाते. त्यासाठी कोणी दागिने मोडतो, कोणी कर्ज काढतो. परंतु मूळपेशी टोचली म्हणजे ती आपोआप चेतापेशी होत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, काही रक्तविकारांसारखे मान्य उपचार सोडले तर मूळपेशींचा वापर केवळ मंजूर चाचणीतच करता येतो, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात.

आशा मात्र आहे. जपानमधील क्योटो येथे पेशींना प्रयोगशाळेत टप्प्याटप्प्याने चेतापेशीच्या वाटेवर आणून मगच कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत सोडण्यात आले. त्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले.

म्हणून विद्यार्थ्यांनो, घरात वा शेजारी असा प्रसंग आला तर तीन प्रश्न जरूर विचारा: पेशी कोणत्या? त्या कशा घडवल्या? चाचणीला मंजुरी आहे का? उत्तर मिळेपर्यंत पैसे भरू देऊ नका.