नदीचा गाळ आणि सागरकाठची पाणथळ भूमी

(डोणगाव, ता. मेहकर येथे भरलेल्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून आपणांपैकी कित्येकांच्या मनात एक साहजिक शंका आली असेल. डोणगावाहून समुद्र सुमारे चारशे किलोमीटर दूर. आपल्या बहुतेक विद्यार्थ्यांनी तो चित्रातच पाहिलेला. मग समुद्राची पातळी वाढली असता किनाऱ्यावरील पाणथळ भूमीचे काय होते, या प्रश्नाचा विचार मेहकर तालुक्यातील शिक्षकांनी का करावा? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर देण्याचा मी यथामती प्रयत्न करणार आहे.

प्रथम माझीच एक चूक कबूल करतो. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत भूगोल शिकविताना मी फळ्यावर लिहीत असे : ‘दलदल म्हणजे निरुपयोगी जमीन.’ एका मुलाने विचारले, ‘गुरुजी, मग तिथे काहीच राहत नाही का?’ मी त्याला पुढचा धडा वाचावयास सांगून गप्प बसविले. त्याचा प्रश्न माझ्या उत्तराहून शहाणा होता, हे कळावयास मला पुष्कळ वर्षे लागली.

खाडीच्या मुखाशी, जेथे भरतीचे पाणी चढते व ओहोटीला उतरते, तेथे चिखलात तिवर, कांदळ, चिपी अशी झाडे वाढतात. यांनाच आपण खारफुटी किंवा कांदळवन म्हणतो. तिवराची मुळे चिखलातून खुंट्यांसारखी वर येऊन श्वास घेतात. कांदळाची मुळे कमानीसारखी खोडाला आधार देतात. भरतीचे गढूळ पाणी या मुळांच्या दाटीत शिरले की त्याचा वेग मंदावतो आणि गाळ खाली बसतो. त्यात गळलेली पाने व मेलेली मुळे मिसळतात आणि जमीन दरवर्षी काही मिलिमीटरांनी उंच होते. समुद्र चढू लागला म्हणजे ही भूमी मुकाट्याने बुडत नाही. तीही त्याच्याबरोबर चढू पाहते. आणि मागे मोकळी, सखल जमीन असेल, तर भरतीबरोबर वाहत गेलेली रोपे तेथे रुजून अरण्य हळूहळू मागे सरते. वर चढणे आणि मागे सरणे, हे तिचे दोन उपाय होत.

परंतु या उपायांना मर्यादा आहेत. पहिली मर्यादा वेगाची. पृथ्वी तापल्यामुळे समुद्राचे पाणी प्रसरण पावते आणि हिमनद्या व ध्रुवप्रदेशांतील बर्फ वितळून त्यात भर पडते. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटीमीटरांनी वाढली. या काळाच्या आरंभीच्या सत्तर वर्षांत, म्हणजे १९७१ पर्यंत, वाढीचा वेग वर्षाला १.३ मिलिमीटर होता. २००६ ते २०१८ मध्ये तो ३.७ मिलिमीटर झाला. याचा अर्थ, पहिलीत आलेला मुलगा सातवी उत्तीर्ण होईपर्यंत समुद्र सुमारे अडीच सेंटीमीटर चढतो. ही वाढ मुलाच्या पट्टीवर सहज दाखविता येईल. गेल्या दहा हजार वर्षांतील खारफुटीच्या गाळाचा जगभर अभ्यास करून शास्त्रज्ञांनी २०२० साली असा निष्कर्ष काढला की, वाढीचा वेग वर्षाला सहा-सात मिलिमीटरांच्या पुढे गेला म्हणजे ही वने टिकत नाहीत. त्यांची श्वास घेणारी मुळे पाण्याखालीच राहतात व झाडे गुदमरतात.

दुसरी मर्यादा जागेची. आपल्या कोकणाकडे पाहा. रायगड जिल्ह्यातील पेण व अलिबाग तालुक्यांत शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मातीचे बांध घालून, त्यांना उघाड्या ठेवून, खाडीच्या काठी भाताची खारजमीन निर्माण केली. १९७९ साली खारभूमी विकासासाठी राज्याने स्वतंत्र कायदाही केला. अशा ठिकाणी बांधाबाहेरची कांदळवने पुढून चढता समुद्र आणि मागून पक्का बांध यांच्या कात्रीत सापडतात. उलट, उधाणाने बांधाला खांड पडली आणि ती वेळीच बुजविली नाही, तर खारे पाणी शेतात शिरते आणि दोन-चार वर्षांत भाताच्या जागी तिवर उभे राहतात. वनस्पतिशास्त्रज्ञ याला अरण्याचे मागे सरणे म्हणतील. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते पोटावर आलेले संकट आहे. दोघेही खरेच बोलतात. विद्यार्थ्यांना ही गोष्ट सांगताना शेतकऱ्याला खलनायक करू नये, आणि तिवरालाही करू नये. वादळी लाटांचा पहिला मारा हे तिवरच अंगावर घेतात. मासळी व खेकड्यांची पिले त्यांच्याच मुळांच्या आश्रयाने वाढतात.

तिसरी मर्यादा गाळाची, आणि येथे आपले गाव या कथेत येते. आपली पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यातच, अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते व मेहकरजवळून वाहते. पुढे ती वर्धेला मिळते; वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता होते; प्राणहिता गोदावरीला मिळते. गोदावरी आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते, तेथे काकीनाड्याजवळ कोरिंगाचे विस्तीर्ण कांदळवन आहे. म्हणजे आपल्या शिवारातून पावसाळ्यात वाहून जाणाऱ्या काळ्या मातीचा काही कण त्या वनाच्या पायाशी जाऊन बसू शकतो. पण वाटेत धरणे झाली. धरण पाणी अडविते, तसाच गाळही अडविते. गोदावरीने समुद्राकडे नेलेला गाळ १९७० नंतरच्या दशकाच्या तुलनेत १९९० नंतरच्या दशकात निम्म्याहूनही कमी झाला. त्रिभुज प्रदेशाच्या किनाऱ्याची अनेक ठिकाणी झीज होत आहे. समुद्र चढत असताना जमिनीला वर चढण्यासाठी लागणारी शिदोरीच कमी पडत आहे.

यावर कोणी विचारील, मग बांधबंदिस्ती सोडून शेतातील माती वाहू द्यावी काय? मुळीच नाही. शेताची सुपीक माती शेतातच राहिली पाहिजे. आपल्या अवर्षणाच्या प्रदेशाला धरणांचे मोल कोणी शिकवावयास नको. मात्र नदी दोन वस्तू वाहून नेते, पाणी आणि गाळ. आणि आजवर आपण हिशेब फक्त पाण्याचा ठेवला, एवढे तरी आपल्या मुलांना ठाऊक असावे. त्यांच्यातूनच उद्याचे अभियंते व शेतकरी व्हावयाचे आहेत.

हे वर्गात कसे शिकवावे? एका पसरट परातीत ओली चिकणमाती उतरती थापावी. अर्ध्या भागात खराट्याच्या काड्या दाट रोवाव्यात, अर्धा मोकळा ठेवावा. मग सखल बाजूने गढूळ पाणी हळूहळू चढवावे व तसेच उतरू द्यावे. असे दहा-बारा वेळा करून गाळ कोठे अधिक थांबला, हे मुलांनीच पाहून सांगावे. नंतर काड्यांच्या मागे एक वीट आडवी ठेवून पाणी वाढवावे आणि विचारावे : आता ही झाडे कोठे जातील? उत्तर आपण सांगू नये. दुसऱ्या दिवशी नकाशावर पैनगंगेवर बोट ठेवून ते समुद्रापर्यंत नेण्यास सांगावे. पाणथळ भूमी प्रत्यक्ष दाखवावयाची, तर शेजारचे लोणार सरोवर आहेच. २०२० साली त्याला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ भूमी म्हणून मान्यता मिळाली. ठाण्याच्या खाडीलाही २०२२ साली तोच मान मिळाला. एक गोल विवरातील, एक भरती-ओहोटीची. दोहोंतील साम्य व भेद मुलांकडून लिहवून घ्यावेत.

बंधुभगिनींनो, ज्या मुलाला मी गप्प बसविले, त्याला आज मी सांगितले असते : बाळ, तेथे पुष्कळ काही राहते, आणि जे राहते त्यात आपल्या गावची मातीही आहे. मला ती संधी पुन्हा मिळणे नाही. आपल्या वर्गांत मात्र असे प्रश्न उद्याही विचारले जातील. त्या वेळी पुढचा धडा थोडा थांबला तरी चालेल.