खिशातील बिऱ्हाड

गणेशोत्सव जवळ आला की परदेशी राहणाऱ्या मुलामुलींच्या येण्याचे बेत ठरू लागतात आणि त्याबरोबर एक प्रश्न हमखास विचारला जातो : "येताना काय आणू?" पूर्वी याचे उत्तर सोपे असे. एखादे घड्याळ, फार तर कॅमेरा. हल्ली मात्र त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला असतो. पुण्याच्या एका जुन्या पेठेत राहणाऱ्या, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या बहात्तर वर्षांच्या एका गृहस्थांना गेल्या वर्षी त्याचा चांगलाच अनुभव आला. त्यांची कन्या कॅलिफोर्नियात असते. तिने एके सकाळी सांगितले, "बाबा, तुमचा तो जुना फोन आता पुरे झाला. मी आयफोन घेऊन येते." बाबांनी "बघू" म्हटले. "बघू" या शब्दाचा मराठी घरांत काय अर्थ होतो हे श्रोत्यांस सांगावयास नको.

गृहस्थांचा फोन २०१७ साली घेतलेला, अँड्रॉइड जातीचा. यंत्र तसे धडधाकट होते; परंतु ते बनविणाऱ्यांनी त्याच्या सुरक्षिततेची डागडुजी कधीच थांबविली होती, आणि बँकेचे ॲप उघडताच इशारा येऊ लागला होता. तेव्हा नवे यंत्र घेणे भागच होते. वाद होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. अँड्रॉइड सोडून अँड्रॉइड घेणे म्हणजे त्याच गावात घर बदलणे. अँड्रॉइड सोडून आयफोन घेणे म्हणजे गावच बदलणे. दोन्हींस लोक एकच "फोन बदलला" हा शब्द वापरतात आणि पुढचा बराचसा मनस्ताप या एका शब्दातून उत्पन्न होतो.

गावे आता दोनच उरली आहेत. ॲपलचा आयफोन जून २००७ मध्ये विक्रीस आला. गूगलच्या अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन ऑक्टोबर २००८ मध्ये. मायक्रोसॉफ्टने आपल्या फोनच्या प्रणालीचा सांभाळ जानेवारी २०२० मध्ये बंद केला, आणि एके काळी बड्या अधिकाऱ्यांच्या कमरेला मिरविणाऱ्या ब्लॅकबेरीच्या जुन्या यंत्रांची सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी संपली. त्या दोन गावांतील रहिवाशांस विचार करण्याची संधीच मिळाली नाही. ज्यांस आज ती आहे त्यांनी ती वापरावी.

कॅमेरा, पडद्याचा लखलखाट, वेग यांवर दुकानात जितका वेळ जातो तितका त्यांना देण्याचे काही कारण नाही. बेताच्या किमतीचा कोणताही चांगला फोन नातवंडांची छायाचित्रे उत्तम काढतो. यंत्र किती वर्षे सांभाळले जाईल, हे मात्र विचारावे. या बाबतीत आयफोनचा लौकिक जुना आहे : २०१५ साली आलेल्या आयफोन ६एसला २०२१ सालची नवी प्रणालीही मिळाली होती. पुढे गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ साठी सात सात वर्षांचे आश्वासन दिले, तेव्हा हे अंतर पुष्कळ कमी झाले. ही आश्वासने महाग नमुन्यांसाठी होती. स्वस्त यंत्रास तीच लागू असतील असे गृहीत धरू नये, आणि विक्रेत्याच्या "हो, हो" वर तर मुळीच विसंबू नये.

कन्येची कारणे निराळी होती. तिच्या घरी सर्वांकडे आयफोन. एकमेकांस निरोप पाठविणे, छायाचित्रे वाटून घेणे, समोरासमोर बोलणे, सारे त्यातच. अमेरिकेत याला मोठे महत्त्व आहे, कारण तेथे पुष्कळ लोक फोनमधील मूळच्या निरोपपेटीतूनच व्यवहार करतात. आयफोनधारकांच्या गप्पांत अँड्रॉइडवाला आला की आयफोनधारकाने धाडलेला निरोप त्याच्या पडद्यावर निळ्याऐवजी हिरव्या रंगात उमटतो, आणि तरुण मंडळींत तेवढ्यावरून चेष्टाही होते. परंतु पुण्यातील गृहस्थांस याचे काय? त्यांचा दूधवाला, त्यांच्या सोसायटीचे चिटणीस, त्यांचे डॉक्टर, त्यांच्या भजनी मंडळातील सारे वृद्ध व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत, आणि व्हॉट्सअ‍ॅप दोन्ही गावांत सारखेच चालते. समोरासमोर बोलण्याच्या फेसटाइमचेही तसेच. २०२१ पासून आयफोनधारकाने दुवा पाठविला तर अँड्रॉइडवाल्यासही त्या बैठकीत बसता येते. भारतात दहांतील नऊंहून अधिक फोन अँड्रॉइडचे आहेत. कोणते यंत्र सोयीचे हे शेजाऱ्यापाजाऱ्यांवर ठरते. कन्येचे शेजारी वेगळे, बाबांचे वेगळे. तिची कारणे खोटी नव्हती. ती तिच्या गावची होती.

शिवाय एक अडचण अशी की ती दोघांच्याही ध्यानी नव्हती. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनना, २०२२ सालच्या आयफोन १४ पासून, सिमकार्ड घालण्याचा कप्पाच नसतो. तेथे सारे काम ई-सिमवर, म्हणजे यंत्रातच नोंदविलेल्या अदृश्य कार्डावर चालते. बाबांचे वीस वर्षांचे सिमकार्ड त्यात बसणार कोठे? ई-सिम भारतातही मिळते, परंतु आधी आपल्या कंपनीकडून क्रमांक तसा बदलून घ्यावा लागतो, आणि तोपर्यंत बँकेचे ओटीपी कोठे यावयाचे हा विचार करून ठेवावा लागतो. मोठ्या हौसेने आणलेली भेट आठवडाभर टेबलावर मुकी पडून राहावी आणि देणारीचा परतीचा दिवस उजाडावा, असे होणे अगदी शक्य आहे.

वरच्या मजल्यावर राहणारा पुतण्या या गोष्टीत जाणता. त्याने ही माहिती काढली आणि काकांस म्हणाला, "काका, अडलं तर रात्री नऊ वाजता हाक कोणाला मारणार? ताईला, की मला?" प्रश्न साधा, पण खोलवर गेलेला. पुतण्याकडे, वहिनींकडे, खालच्या औषधवाल्याकडे अँड्रॉइड. कॅलिफोर्निया उन्हाळ्यात साडेबारा तास मागे. उतारवयात यंत्राची खरी किंमत ते येणारा माणूस किती जवळ आहे यावर असते. त्यांच्याच इमारतीतील एका बाईंनी नेमके उलट केले आणि तेही बरोबरच होते : दोन्ही मुलगे आणि सूनबाई, सारे घरातच आणि सारे आयफोनवाले, शिवाय मुलाला आईच्या मनगटावर पडझड ओळखणारे ॲपलचे घड्याळ हवे होते, आणि ते आयफोनवाचून चालत नाही. बाईंनी विकत घेतलेले एक पंचांगाचे ॲप मात्र मागेच राहिले. एका दुकानात मोजलेले पैसे दुसऱ्या दुकानात जमेस धरले जात नाहीत.

इतके सारे झाल्यावर बाबांनी नकार कळवावा, तर तेही होईना. ते होही म्हणेनात, नाहीही म्हणेनात. हात थरथरतो म्हणून ते मराठी मजकूर बोलून लिहितात; गूगलने ही सोय मराठीसाठी २०१७ मध्ये आणली आणि ती त्यांच्या अंगवळणी पडली होती. पुतण्याला वाटले अडचण तीच असावी. त्याने सुचविले की दुकानात जावे, दोन्ही यंत्रे हातात घ्यावीत आणि "ज्ञानेश्वर उद्या संध्याकाळी कऱ्हाडहून येणार" असे एखादे वाक्य बोलून पाहावे. हे सांगणे उत्तमच होते आणि प्रत्येकाने तसे करून पाहावे. पण अडचण ती नव्हती.

गृहस्थांच्या पत्नी २०२१ साली वारल्या. त्या लिहिण्याचा कंटाळा करीत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर बोलूनच निरोप पाठवीत. "अहो, येताना कोथिंबीर आणा, जुडी पाहून घ्या." "गोळी घेतलीत का?" "मी मंडळातून निघाले, कुकर लावू नका, तुम्हाला शिट्ट्या मोजता येत नाहीत." असे चार वर्षांतील कितीतरी निरोप त्या जुन्या फोनात होते. गृहस्थ रोज ते ऐकत असत असेही नाही; परंतु ते तेथे आहेत हे त्यांस ठाऊक असे. यंत्र बदलले की ते जातील, अशी त्यांची समजूत होती, आणि असे काही मुलीजवळ बोलून दाखविणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

त्यांची भीती सर्वस्वी निराधारही नव्हती. अँड्रॉइडवरील व्हॉट्सअ‍ॅप आपला साठा गूगलच्या वखारीत ठेवते, आयफोनवरील ॲपलच्या. एका वखारीतला माल दुसरीच्या दारातून आत जात नाही. ज्या श्रोत्यांनी पूर्वी बार्शी लाइट रेल्वेने पंढरपूरचा प्रवास केला असेल त्यांस कुर्डुवाडी आठवेल. मोठ्या रुळांची गाडी साडेपाच फुटांची, धाकटी अडीच फुटांची. डबा रुळांवरून रुळांवर जात नसे. माणसे उतरत, गाठोडी डोक्यावर घेत आणि पलीकडच्या गाडीत चढत. २०२२ सालापासून व्हॉट्सअ‍ॅपनेही अँड्रॉइडवरून आयफोनवर जाण्यासाठी असाच एक फलाट बांधून दिला आहे. नियम कडक आहेत : क्रमांक तोच हवा, दोन्ही यंत्रे चार्जरला लावलेली हवीत, आणि हे स्थलांतर आयफोन प्रथम सुरू करतानाच करावयाचे असते. दुकानातील पोऱ्याने उत्साहाने यंत्र आधीच चालू करून दिले, तर ते पुन्हा कोरे करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. किती जणांचा वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार त्या उत्साहापायी मागे राहिला असेल!

काकांनी ही गोष्ट शेवटी पुतण्याजवळ काढली ती वहिनींच्या हातचा चहा घेताना, खाली पाहून. पुतण्या काही बोलला नाही. त्याने तार आणली, जुना फोन आपल्या संगणकास जोडला आणि व्हॉट्सअ‍ॅपची फडताळे उघडली. अँड्रॉइडमध्ये हे बोलके निरोप निरनिराळ्या धारिकांच्या रूपाने फोनातच पडलेले असतात. एकेका आठवड्याचे एकेक खण. खणावर वर्ष आणि आठवड्याचा क्रमांक. आत प्रत्येक निरोपाच्या नावात वर्ष, महिना, दिवस. नाही ते फक्त एक : बोलणाऱ्याचे नाव. दूधवाला, चिटणीस, नळदुरुस्तीवाला, भजनी मंडळ आणि पत्नी, सारे एकाच खणात एकावर एक. तेव्हा निवड करावयाची तर सर्व ऐकणे प्राप्त होते. काका-पुतणे तीन संध्याकाळ बसले. "उद्या पाणी येणार नाही," मग "मोटर दुरुस्त झाली," मग कोणाचा तरी अभंग अर्धवट, आणि मध्येच, "अहो, ऐकलंत का?" दर वेळी पुतण्या यंत्र क्षणभर थांबवी आणि ती धारिका निराळ्या खणात ठेवी. त्र्याण्णव निघाल्या. त्यांची एक प्रत संगणकावर, एक पेनड्राइव्हवर ठेवली गेली.

त्या रात्री गृहस्थांनी त्यांपैकी काही मूळ संभाषणातून मुलीकडे पाठविले. ते निरोप आईने बाबांस पाठविलेले. मुलीने ते कधी ऐकलेच नव्हते. अँड्रॉइडवरून निघाले आणि आयफोनवर वाजले, त्यास काही अडचण आली नाही. सकाळी तिचा फोन आला तेव्हा ती आयफोनविषयी बोललीच नाही. बऱ्याच वेळाने बाबाच म्हणाले, "फोन नको आणूस. इथंच घेतो, आपल्या नेहमीच्या जातीचा."

नंतरचे काम फारसे सांगण्यासारखे नाही. पुतण्याने सिमकार्ड नव्या अँड्रॉइड फोनात घातले. एकाच जातीच्या दोन यंत्रांत व्हॉट्सअ‍ॅपचे संभाषण नेण्यास २०२३ पासून वखारीचीही गरज उरलेली नाही. एका पडद्यावरील चौकोनी ठिपक्यांचे चित्र दुसऱ्याने टिपले की काम सुरू होते. यूपीआयचे ॲप नव्या यंत्रात पुन्हा नोंदवावे लागते, कारण ते क्रमांकाबरोबर यंत्रही ओळखून ठेवते. त्यासाठी निरोप त्याच सिमवरून जावा लागतो. वीजबिलाची शेवटची तारीख असेल त्या दिवशी हे काढू नये इतकेच. उलट दिशेने, म्हणजे आयफोन सोडून अँड्रॉइडवर येणाऱ्यांनी जुन्या यंत्रातील आयमेसेज आधी बंद करावे. नाहीतर दुसऱ्या आयफोनधारकांचे निरोप जुन्याच पत्त्यावर जात राहतात. यापायी इतक्यांची पंचाईत झाली की ॲपलला २०१४ मध्ये नाव कमी करून देण्याची स्वतंत्र सोय करावी लागली. आणि कोणत्याही दिशेने गेले तरी जुने यंत्र महिनाभर पुसू नये, आणि नव्याच्या किमतीत वळते करण्याची घाईही करू नये.

गृहस्थांनी ते अजूनही पुसलेले नाही. कन्या गणपतीत आली ती बाबांसाठी मनगटी घड्याळ घेऊन, किल्ली द्यावयाचे. जुना फोन लिहिण्याच्या टेबलाच्या खणात असतो. दर रविवारी सकाळी दोन्हींचे काम एकदम होते. घड्याळास किल्ली दिली जाते आणि फोन चार्जरला लागतो.