न झालेलं लग्न

फिलिपिन्समधून परदेशी जोडीदाराकडे जायचं, तर व्हिसासाठी तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाचा विवाहनोंदीचा दाखला लागतो. नावातलं अक्षर चुकलं असेल, तर २००१च्या कायद्यानुसार स्थानिक नागरी निबंधकाकडे अर्ज करून भागतं. पण नोंदीतलं लग्नच खोटं असेल तर? एका महिलेने लग्न ठरल्यावर अविवाहित असल्याचा दाखला मागवला, तर कागदोपत्री तिचं एका कोरियन माणसाशी आधीच लग्न झालेलं! सही बनावट निघाली. सेबू शहरातल्या न्यायालयाने नोंद रद्द केली, तरी हे तर लग्नच रद्द ठरवणं झालं, असं म्हणत सरकार अपिलात गेलं. अखेर २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोंददुरुस्तीचाच मार्ग मान्य केला. लग्नच झालं नव्हतं, मग मोडायचं काय? व्हिसाचा अर्ज भरण्याआधीच विवाहनोंदीचा दाखला मागवून नीट वाचावा. न्यायालयात वेळ जातोच.