मालवणच्या खडपावरचं जंगल

मी लखनऊहून बोलतोय. सैन्यातून निवृत्त झाल्यावर इथेच घर केलं. इथून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लांबच. मग आजचा विषय समुद्राखालच्या जंगलाचा का, असं तुम्ही विचाराल. एक तर माझी सासुरवाडी मालवणची. हिवाळ्यात इथलं धुकं दाट झालं की आम्ही दोघं तिकडे पळतो. आणि दुसरं म्हणजे, इथे पाण्यातल्या झाडांचा विषय काढला की लोकांना गोमतीवर पसरणारी जलकुंभी आठवते, म्हणजे घाण, उपसून फेकायची वस्तू. समुद्राच्या बाबतीतही आपलं तसंच होतं. मराठीत शब्दही एकच आहे, शेवाळ. विहिरीच्या पायरीवरचं निसरडं हिरवंही शेवाळ आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पाण्याखाली उभं असलेलं कमरेइतकं रानही शेवाळच. शब्दच असा, की त्याची कोणी काळजी करावी असं वाटत नाही.

या रानाचं मुख्य झाड म्हणजे सरगॅसम. झाड म्हणतो खरा, पण त्याला ना मूळ, ना फूल, ना बी. खाली एक चिवट चकती असते, ती खडकाला चिकटते. तिचं काम फक्त धरून ठेवण्याचं. पाणी आणि क्षार साऱ्या अंगानेच शोषले जातात. वर तपकिरी पानं, आणि पानांमध्ये मिरीच्या दाण्याएवढे हवेचे फुगे. ओहोटीला हे सगळं खडपावर ओल्या गोणपाटासारखं पडलेलं दिसतं, आणि लोक तेवढंच पाहून परत जातात. भरती आली की ते फुगे फांद्यांना उचलतात आणि पडलेलं रान उभं राहतं. चष्मा आणि श्वासनळी लावून वरून पाहा, लाटेबरोबर सगळं जंगल एका बाजूला झुकतं, मग दुसऱ्या.

आमचे मेहुणे पहिल्या वर्षी मला सारखे बजावायचे, "भावोजी, थंय चलू नका, पाय सरकतलो." त्यांचं म्हणणं माझ्या पायांच्या काळजीचं होतं. पण त्या चकत्यांसाठीही ते बरोबरच होतं.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर केल्प नावाचं शैवाल तीस-चाळीस मीटर उंच वाढतं. चांगल्या दिवसांत ते दिवसाला अर्धा मीटरपर्यंत वाढू शकतं. ते आपल्याकडे नाही, कारण त्याला थंड पाणी लागतं. आपलं जंगल बुटकं, आणि मोसमी. पावसाळ्यात कोकणच्या समुद्रात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. लाटा खडप घासून काढतात, गड आणि कर्ली या नद्या लाल माती आणून टाकतात, पाण्याखाली उजेड पोचत नाही. पाऊस सरला, पाणी निवळलं, की ऑक्टोबरपासून नवी वाढ सुरू होते. डिसेंबर ते फेब्रुवारी ऐन भर. उन्हाळ्यात फांद्या सुटतात आणि किनाऱ्यावर ढीग लागतात. बऱ्याच जातींत चकती मात्र खडकावर टिकून राहते आणि पुढच्या मोसमात तिलाच धुमारे फुटतात.

म्हणजे या रानाला तीन गोष्टी हव्यात: उघडा खडक, उजेड, आणि ती टिकलेली चकती. वाळूवर ते उगवत नाही. गाळाने झाकलेल्या खडकावरही नाही.

आता या रानात राहतं कोण? फौजी माणूस कुठलीही जमीन पाहताना आधी आडोसा शोधतो. माशाच्या पिल्लालाही तेच हवं असतं. उघड्या वाळूवर ते दोन मिनिटंही टिकणार नाही. फांद्यांच्या गर्दीत लाटेचा जोर कमी होतो, मोठ्या माशाला घुसता येत नाही. पानांवर बारीक किडे, गोगलगायी आणि कोळंबीसारखे जीव चरत असतात, म्हणजे खाणंही तिथेच. माकुळ आपली अंडी अशाच आधाराला चिकटवतं. खालच्या कपारींत शेवंड आणि गोबरा दबा धरून असतात. बाजारात भाव करून आपण जो मासा घेतो, त्यातल्या काहींचं बालपण या शेवाळात गेलेलं असतं. आणि शेवाळ कुजलं तरी फुकट जात नाही. किनाऱ्यावरच्या ढिगात किडे होतात, त्यांच्यावर पक्षी जगतात, उरलेलं समुद्रात परत जाऊन इतरांचं अन्न होतं.

जंगल एका प्राण्यावर कसं टेकलेलं असतं, याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला अलास्काजवळच्या अल्युशियन बेटांचा आहे. तिथे समुद्री पाणमांजरांची फरसाठी इतकी शिकार झाली की ती जवळजवळ संपली. 1911 च्या करारानंतर त्यांना संरक्षण मिळालं. पुढे एस्टिस आणि पामिसानो या दोघांनी 1974 मध्ये दोन प्रकारच्या बेटांची तुलना मांडली. पाणमांजरं होती तिथे केल्प दाट होतं. नव्हती तिथे साळिंदरासारख्या काटेरी समुद्री अर्चिनांनी केल्प फस्त करून खडक बोडका केला होता. पाणमांजर अर्चिन खातं, एवढंच गुपित. यातली एक बेट, अम्चिट्का, अमेरिकेने अणुचाचण्यांसाठी वापरली. त्या काळात तिथली काही पाणमांजरं उचलून दक्षिणेकडच्या किनाऱ्यांवर सोडली गेली, आणि त्यातून काही ठिकाणी त्यांची वस्ती पुन्हा उभी राहिली. बॉम्बच्या हिशेबात कोणीतरी पाणमांजरांचा हिशेब केला, हे मला सैनिक म्हणून विशेष वाटतं.

मालवणकडे परत येऊ. 1987 मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर, आणि त्याचा साधारण तीन चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या आसपासचा. मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला. माझं मत विचाराल तर, ज्याची होडी त्या खडपांवर पिढ्यान्‌पिढ्या जाते त्याला न विचारता आखलेली रेषा कागदावरच राहते. रापण ओढणारा माणूस या रानाचा शत्रू नाही. त्याला ते कुठे आहे हे आपल्या आधी ठाऊक असतं.

आता खरा प्रश्न. सध्या शैवाल शेतीचा बोलबाला आहे. 2020 च्या मत्स्य संपदा योजनेत त्यासाठी 640 कोटी रुपये ठेवले गेले. शेती चांगलीच आहे. आइस्क्रीम दाट करायला, दंतवैद्याच्या साच्याला, खताला शैवाल लागतं. किराणा दुकानातलं चायना ग्रास त्यातूनच येतं. पण शेत म्हणजे जंगल नव्हे. तरंगत्या बांबूंना बांधलेलं कप्पाफायकस साधारण दीड महिन्यात कापलं जातं. तिथे माकुळाने अंडी घातली तरी ती पिकाबरोबर जातात. शिवाय ही जात बाहेरची आहे. मन्नारच्या आखातात ती प्रवाळांवर वाढलेली सापडली, हे 2008 पासून नोंदलेलं आहे.

आणि मागणी वाढली की नैसर्गिक रानही कापलं जातं. इथे सरगॅसमची एक खोड लक्षात घ्या. त्याची बाळं फार लांब जात नाहीत. बहुतेक आईपासून काही मीटरांच्या आतच खडकाला चिकटतात. जननाच्या आधी एखादं खडप ओरबाडून काढलं, तर शेजारच्या गावच्या खडपावरून बियाणं सहजासहजी येणार नाही. म्हणून कधी कापायचं आणि किती खाली कापायचं, यावरच सगळं अवलंबून. फांद्या कापल्या तर ते परत येतं. चकतीसकट उपटलं तर ती जागा उघडी पडते.

हे जमतं का? रामेश्वरच्या बाजूला बायका पाण्यात बुड्या मारून शैवाल गोळा करतात. त्यांनी महिन्यातले ठरावीक दिवसच जायचं असं आपसात ठरवलं. त्यांच्यातल्या लक्ष्मी मूर्ती यांना 2015 चा सीकोलॉजी पुरस्कार मिळाला. नियम वरून आलेला नव्हता, म्हणून पाळला गेला, असं मला वाटतं.

एक गैरसमज मात्र दूर करतो. कॅरिबियन किनाऱ्यांवर सरगॅसमचे कुजके डोंगर साचल्याची चित्रं तुम्ही पाहिली असतील. 2011 पासून अटलांटिकमध्ये तो तरंगता पट्टा जवळजवळ दर वर्षी दिसतो. ती जात वेगळी. ती जन्मभर तरंगते, खडकाला कधी चिकटत नाही. नावातलं साम्य पाहून आपल्या खडपावरचं रान उपटायला कोणी जाऊ नये.

आणि हे जंगल हवेतला कार्बन कायमचा गाडून टाकतं, असंही सरसकट सांगितलं जातं. त्याला माती नाही, मुळं नाहीत. जे खोल समुद्रात वाहून जातं तेवढंच दीर्घकाळ टिकतं, बाकीचं कुजून परत मिसळतं. त्याची किंमत माशांत मोजा, ते जास्त खरं.

जानेवारीत मालवणला गेलात तर पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास जा, तेव्हा ओहोटी खोल जाते. स्थानिक माणूस बरोबर घ्या. होडीवाल्याला नांगर वाळूत टाकायला सांगा, खडपावर नको.

आता नेहमीचा प्रश्न, हे खाता येतं का? सरगॅसमच्या काही जाती काही देशांत खातात. आमच्या घरी विचारलंत तर उत्तर मिळेल की त्यातली शेवंड खाता येते.