पडद्यावरचं पानिपत आणि आपण

(अन्नपूर्णा भागातल्या आपल्या मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच सांगतो, मी इतिहासाचा अभ्यासक नाही. बी.कॉम. झालो, बँकेत क्लार्क म्हणून लागलो आणि आजही क्लार्कच आहे. आज मला उभं करण्याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. मागच्या सभेत ऐतिहासिक चित्रपटांचा विषय निघाला. आपल्या माणसांचा इतिहास पडद्यावर वाकडा दाखवला तर मंडळाने कलेक्टर साहेबांना निवेदन द्यायचं की नाही, यावर बरीच वादावादी झाली. मी मधेमधे फार बोलत होतो, म्हणून सचिव म्हणाले, "पुढच्या वेळी तुम्हीच काय ते सलग बोला." तेव्हा ही शिक्षा मी ओढवून घेतलेली आहे.

'छावा' आपण बहुतेकांनी पाहिला. १४ फेब्रुवारी २०२५ ला तो लागला, आणि शिवजयंतीला मध्य प्रदेश सरकारने तो करमुक्त केल्याची घोषणा केली. मी मुलीला घेऊन गेलो होतो. शेवटच्या अर्ध्या तासात टॉकीजमध्ये हुंदके ऐकू येत होते. दिवे लागले तरी लोक उठेनात. कुणीतरी घोषणा दिली, सगळे उभे राहिले. मीही उभा राहिलो, माझेही डोळे ओले होते. त्याची मला लाज नाही. संभाजीराजांचा शेवट ऐकून ज्याला काही होत नाही त्याच्याशी मला बोलायचंही नाही.

पण पुढे काय झालं ते आठवा. मार्चमध्ये आपल्या जवळच, बऱ्हाणपूरच्या असीरगड किल्ल्याच्या पायथ्याशी, आसपासचे लोक रात्री टॉर्च आणि कुदळी घेऊन शेतं खणायला लागले. बऱ्हाणपूरची लूट त्यांनी सिनेमात पाहिली आणि मोगलांचं सोनं आपल्याच शेतात असणार असं त्यांनी धरलं. पोलीस आले तेव्हा खड्डे तेवढे शिल्लक होते. आमच्या शाखेत चहाच्या वेळी त्यावर आठवडाभर हसणं चाललं होतं. मीही हसलो. घरी येताना मात्र वाटलं, की त्यांनी पडद्यावर जेवढा विश्वास ठेवला तेवढाच आपणही ठेवला होता. त्यांनी कुदळ उचलली, एवढाच फरक.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. २०१५ च्या नोव्हेंबरात 'बाजीराव मस्तानी'चं पिंगा गाणं आलं. पेशव्यांच्या घरची बायको, काशीबाई, अशी नाचेल का, यावरून गदारोळ झाला. ओळखीच्या एकाने निवेदनाचा कागद पुढे केला आणि मी सही केली. चित्रपट तेव्हा लागलेलाही नव्हता! तो लागला १८ डिसेंबरला. पुण्यात पहिल्या दिवशी काही खेळ बंद करावे लागले. बँकेत कागद न वाचता सही केली तर मेमो मिळतो, आणि इथे मी न पाहिलेल्या गोष्टीवर सही करून छाती काढून घरी आलो.

नंतर चित्रपट पाहिला. नाच मला खटकला, नाही असं नाही. पण जास्त खटकला तो शेवट. बाजीराव कुठे गेले? इथे, आपल्याजवळ, रावेरखेडीला. सनावदच्या बाजूला नर्मदेकाठी त्यांची समाधी आहे. २८ एप्रिल १७४० ला तापाने तिथे त्यांचा अंत झाला, वय चाळीसच्या आत. मी ती जागा दोनदा पाहिली आहे. दुपारची वेळ होती, एक राखणदार आणि आम्ही, बाकी चिटपाखरू नाही. चित्रपटात हाच ताप भास होऊन येतो, राऊ पाण्यात उभे राहून नसलेल्या शत्रूवर तलवार चालवतात, आणि तिकडे साखळदंडात मस्तानीचेही प्राण त्याच क्षणी जातात. प्रत्यक्षात मस्तानीचा मृत्यू त्यांच्या नंतर झाला, आणि कसा झाला यावर इतिहासकारांचं एकमत नाही. एका स्त्रीला आपण काय वागणूक दिली हा प्रश्न त्या 'एका क्षणा'ने साफ मिटवून टाकला. त्याच्यावर निवेदन निघालं नाही. मीही काढलं नाही. नाचावर निघालं.

(कुणी म्हणेल, हा चित्रपट ना. सं. इनामदारांच्या 'राऊ' कादंबरीवरून काढला आहे. बरोबर. 'छावा'ही शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरून आहे. आपल्या घरातलं इतिहासाचं कपाट उघडलं तर त्यात कादंबऱ्याच जास्त निघतात, माझ्याही.)

आता ज्याच्यासाठी मी एवढा वेळ मागून घेतला तिकडे येतो. ६ डिसेंबर २०१९ ला आशुतोष गोवारीकरांचा 'पानिपत' लागला. अन्नपूर्णा रोडवरून आम्ही तीन कुटुंबं मिळून गेलो. सदाशिवराव भाऊंचं शेवटचं लढणं पाहून परत येताना गाडीत कुणी बोललं नाही. पराभव असूनही मान उंच वाटत होती. आणि त्याच आठवड्यात राजस्थानात भरतपूरकडचे लोक रस्त्यावर उतरले, जयपूरला एका टॉकीजमध्ये तोडफोड झाली. कारण होतं महाराजा सूरजमल. चित्रपटात भरतपूरचा हा जाट राजा भाऊंकडे आग्र्याचा किल्ला मागतो आणि तो मिळत नाही म्हणून मदत नाकारतो, असं दाखवलं होतं. शेवटी निर्मात्यांनी सुमारे अकरा मिनिटांचा भाग कापला.

तेव्हा आपल्याकडे प्रतिक्रिया काय होती? मला आठवतं, कारण त्यात मीही होतो. "सिनेमा आपल्यावर आहे, यांना काय त्रास?" "दिली नाही मदत, तर दाखवणारच." कुणी तर, "म्हणूनच हरलो आपण," असंही म्हणालं.

त्यानंतर मी वाचायला घेतलं. शेजवलकरांचं पानिपतावरचं पुस्तक, सरदेसायांची रियासत, जेवढं झेपलं तेवढं. त्यातून जे समजलं ते असं. सूरजमल १७६० मध्ये मल्हारराव होळकरांच्या मध्यस्थीने भाऊंच्या छावणीत आला. जड तोफा, बायका-मुलं, यात्रेकरू मागे ठेवा आणि हलके होऊन लढा, असा सल्ला त्याने दिला. मल्हाररावांचंही मत गनिमी काव्याकडेच होतं. तो सल्ला मानला गेला नाही. दिल्ली घेतल्यावर मतभेद वाढले आणि तो निघून गेला. का गेला, यावर वाद आहेत. तो साधुसंत नव्हता. पुढे जून १७६१ मध्ये आग्र्याचा किल्ला त्याने खरोखरच घेतला. म्हणजे चित्रपटवाल्यांनी आग्रा हवेतून काढला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

पण १४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळनंतर काय झालं? पानिपतावरून जी माणसं जिवंत सुटली, ती भर थंडीत, उपाशी, अंगावरच्या कपड्यानिशी दक्षिणेकडे निघाली. मागे पाठलाग. अब्दालीच्या रागाची पर्वा न करता या लोकांना ज्याने आपल्या मुलखात घेतलं, खायला घातलं, कपडे दिले, जखमांवर औषधपाणी केलं आणि ग्वाल्हेरकडे सुखरूप पोचवलं, तो हाच सूरजमल. आणि हे मराठ्यांनीच लिहून ठेवलं आहे.

आपल्या इंदूरच्या माणसाला यात आणखी एक गोष्ट समजायला हवी. याच्या सातच वर्षं आधी, १७५४ मध्ये, मराठ्यांनी याच सूरजमलच्या कुंभेर किल्ल्याला वेढा घातला होता. त्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव होळकर गेले. मल्हाररावांचा एकुलता मुलगा, आपल्या अहिल्यामातेचे पती. पाठीवर वार करायला सूरजमलला कारणं कमी नव्हती. त्याच्या दाराशी शत्रूचे भुकेले लोक आले तेव्हा त्याने दार उघडलं.

आणि त्या जखमींमध्ये एक होता समशेर बहादर. बाजीराव आणि मस्तानीचा मुलगा. भाऊंबरोबर पानिपतावर लढला, जखमी होऊन भरतपूरच्या मुलखात डीगला पोचला आणि तिथे सूरजमलच्या आश्रयाला असताना गेला. सत्तावीस वर्षांचा असेल. त्याचा मुलगा अली बहादर, त्याच्यापासून बांद्याचे नवाब. त्या घराण्यातला दुसरा अली बहादर १८५७ च्या लढ्यात इंग्रजांविरुद्ध उतरला, आणि नंतर त्याला वर्षाला छत्तीस हजारांच्या पेन्शनवर आणून ठेवलं ते आपल्या इंदूरला. ते घराणं इथलंच होऊन गेलं.

म्हणजे ज्या मस्तानीच्या सिनेमावर मी न पाहता सही केली, तिच्या मुलाने प्राण सोडले ते सूरजमलच्या आश्रयात, आणि त्याच सूरजमलला पडद्यावर सौदेबाज दाखवला तेव्हा मी कुटुंबासकट टाळ्या वाजवत होतो. त्या डिसेंबरात पहिलं निवेदन मराठी माणसाकडून जायला हवं होतं. भरतपूरवाल्यांच्या आधी. ते गेलं नाही, आणि मी 'यांना काय त्रास' म्हणत होतो.

आपलं चुकतं ते इथे, असं मला वाटतं. खोटं आपल्याला झोंबलं की आपण ते लगेच ओळखतो. त्याने आपली मान उंच होत असली तर ते इतिहास म्हणून चालवून घेतो. काशीबाईंच्या नाचावर आपण चिडलो. 'छावा'त लेझीम होती ती गाळायला लावली. शिर्क्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला तेव्हा मात्र आपल्यातले कितीतरी म्हणाले, जाऊ द्या, सिनेमा आहे. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी त्यांची माफी मागितली, प्रेक्षकांनी त्यांच्याशी चार शब्दही बोलले नाहीत.

मग मंडळाने निवेदनं द्यावीत का? मागच्या सभेत काही तरुण मंडळी खेळ बंद पाडण्याच्या गोष्टी करत होती. त्यांना एवढंच आठवण करून देतो, की नोव्हेंबर २०२२ मध्ये ठाण्याला 'हर हर महादेव'चा खेळ बंद पाडला तेव्हा मार बसला तो तिकीट काढून आलेल्या एका प्रेक्षकाला. सिनेमा ज्यांनी काढला ते कुठल्या कुठे होते. बंदीने काही दुरुस्त होत नाही. २०१९ मध्ये अकरा मिनिटं कापली, त्याने सूरजमलने केलेला पाहुणचार पडद्यावर आला का? नाही. चुकीचं गेलं, बरोबर आलंच नाही.

आमच्याकडे जुन्या लेजरमध्ये एंट्री चुकली तर खोडरबर चालत नसे. चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ, वर बरोबर आकडा, शेजारी अधिकाऱ्याची छोटी सही. खोडलेला आकडाही वाचता आला पाहिजे, असा नियम. सिनेमावाले सुरुवातीला बारीक अक्षरात पाटी दाखवतात की काही प्रसंग काल्पनिक आहेत. कोणते, ते सांगत नाहीत. मागायचंच असेल तर हे मागा, की शेवटच्या नावांबरोबर सांगा कोणता प्रसंग तुमचा आणि कोणता इतिहासाचा. अडीच तासांचा सिनेमा दाखवता, दोन मिनिटं ती पाटी दाखवायला काय जातं?

पण तोवर आपल्या हातात जे आहे ते आपण करू. मी एका पत्राचा मसुदा करून आणला आहे. भरतपूरला सूरजमलांच्याच नावाचं विद्यापीठ आहे, महाराजा सूरजमल बृज विश्वविद्यालय. त्यांना आणि डीगच्या कलेक्टरांना (डीग २०२३ पासून वेगळा जिल्हा आहे) इंदूरच्या मराठी लोकांकडून हे पत्र जावं. मजकूर हिंदीत आहे, दीड पान. १७६१ च्या जानेवारीत आपण आमच्या लोकांना जे दिलंत त्याची आम्हाला आठवण आहे, २०१९ मध्ये आम्ही बोलायला हवं होतं आणि बोललो नाही, आणि समशेर बहादर जिथे गेला ती जागा पाहायला आम्हाला यायचं आहे. एवढंच. येत्या १४ जानेवारीला जायचं ठरलं तर एक बस भरेल असा माझा अंदाज आहे. गाडीभाड्याचा हिशेब मी मांडलेला आहे, खजिनदारांनी तो तपासावा.

पत्र तिथे हजेरीच्या रजिस्टरशेजारी ठेवलं आहे. यावेळी कृपया वाचून मगच सही करा. मजकुरात काही दुरुस्ती सुचवायची असेल तर चहा येण्याआधी सुचवा, आणि काही खोडलंत तर शेजारी आपली छोटी सही करा.