पंख्याची दोरी आणि अर्जाचा कागद

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या मसाल्याचं नाव बाजारात दुसऱ्याच्याच पुडीवर दिसलं. पुडीचा रंगसुद्धा तोच! भांडायला गेलो, तर दुकानदार म्हणाला, "नाव तुमचं असेल तर कागद दाखवा." कागद कुठला दाखवणार?

म्हणून आज असे कागद करून देणाऱ्या एका जुन्या पेढीची गोष्ट सांगते.

वीज नव्हती तेव्हाची कलकत्त्याची गोष्ट. साहेबाच्या खोलीत छताला कापडाचा मोठा पंखा टांगलेला असायचा आणि गडी बसून त्याची दोरी ओढायचा. जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग या इंजिनिअरनं हा पंखा ओढणारं यंत्र काढलं. १८५६ साली कायदा आला, की नवा शोध लावणाऱ्याला त्यावर १४ वर्षं हक्क मिळेल, दुसऱ्यानं तो परवानगीशिवाय वापरायचा नाही. आपण ज्याला पेटंट म्हणतो, तेच हे. कायदा होऊन आठवडा झाला नाही तोच, ३ मार्चला डीपेनिंगचा अर्ज हजर. २ सप्टेंबरला सगळी माहिती आणि आकृत्याही दिल्या. भारतातलं पहिलं पेटंट ते हेच.

गंमत म्हणजे तो कायदा पुढच्याच वर्षी रद्द झाला, कारण राणीची मंजुरी घ्यायची राहिली होती. सरकारचाच कागद अपुरा! नवा कायदा १८५९ साली आला.

पेढी मात्र टिकली. 'डीपेनिंग अँड डीपेनिंग' आपली सुरुवात त्याच १८५६ सालात धरते. आज तिची मुख्य कचेरी चेन्नईत आहे. काम काय, तर लोकांच्या शोधांचे अर्ज नीट लिहून द्यायचे. १९४० साली मालाच्या नावाची, चिन्हाची नोंद करायचा ट्रेडमार्कचा कायदा आला आणि अशा पेढ्यांचं काम आणखी वाढलं.

मला मात्र राहून राहून दोरी ओढणारा गडी आठवतो. यंत्राची नोंद झाली. त्याच्या हाताची कुठे होणार?

आपल्या मसाल्याला पेटंट नको, ट्रेडमार्क हवा. एका व्यक्तीच्या नावानं किंवा उद्यम नोंदणी असलेल्या लहान उद्योगाच्या नावानं ऑनलाइन अर्ज केला तर फी ४,५०० रुपये, नाहीतर ९,०००. नोंद १० वर्षं चालते, पुढे वाढवता येते. नुसतं 'घरगुती मसाला' असलं नाव सहसा चालत नाही, ते तर सगळ्यांचंच. आणि बायांनो, जुनी बिलं फेकू नका. नाव आधी आपण वापरत होतो, हे त्यावरूनच दाखवता येतं.

आमचा अर्ज एका ओळीवर अडलाय: मालकाचं नाव. अध्यक्षाबाईंचं घाला, फी कमी पडेल, असं काहीजणी म्हणतात. उद्या त्यांनी गट सोडला तर? आम्ही दहाजणी मिरच्या कांडतो आणि नाव एकीचं, हे मला पटत नाही. आधी गटाची उद्यम नोंदणी करू, मगच अर्ज भरू, असं मी सोमवारच्या बैठकीत मांडणार आहे.