काढा, आसव, अरिष्ट

आम्ही पेठच्या बचत गटातल्या.

मागच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब बाजूला राहिला आणि एका बाटलीवरच वाद रंगला. गटातल्या एका बाळंतिणीसाठी तिच्या सासूबाईंनी दशमूलारिष्ट आणलं होतं. तिनं बाटली फिरवून पाहिली, तर बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेलं, 'सेल्फ जनरेटेड अल्कोहोल', म्हणजे आपोआप तयार झालेलं मद्य. ती म्हणाली, "ताई, आडव्या बाटलीच्या घोषणा देणाऱ्या आपण, आणि मी हे प्यायचं?" आम्हाला लगेच उत्तर देता आलं नाही.

मग आम्ही नावंच धरून बसलो. काढा म्हणजे औषधी पाण्यात उकळून, आटवून गाळलेली. तो ताजाच घ्यायचा, उद्यावर ठेवायचा नाही. अर्क म्हणजे वाफ धरून थंड केलेलं पाणी. आसव आणि अरिष्ट मात्र मुरवलेली. आसवाला सहसा उकळत नाहीत. अरिष्टाला आधी काढा करतात, मग गूळ किंवा साखर घालून भांडं बंद करून ठेवतात. त्यात बहुधा धायटीची फुलं पडतात, तीच लाल फुलं, जी आपल्या डोंगरात उन्हाळ्याच्या तोंडाला दिसतात. त्यांनी आंबायला मदत होते, गोडाचं थोडं मद्य होतं आणि त्या मद्यामुळंच औषध टिकतं. वरून कुणी दारू ओतलेली नसते. पण मद्य असतं, हे खरंच. (अरिष्ट म्हणजे संकट, हाही अर्थ आहेच, असं आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या.)

ही गोष्ट आपल्याकडचीच आहे असं नाही. चैत्रात जोतिबाला वाहतो तो दवणा. त्याच्या जातीची एक फार कडू वनस्पती युरोपात होते. जुने रोमन लोक लॅटिन भाषेत तिला आब्सिंथियम म्हणत. पोटासाठी ती द्राक्षाच्या मद्यात घालत आणि त्या पेयाला आब्सिंथायटीस म्हणत. पुढे त्याच नावावरून फ्रेंच भाषेत एका कडक दारूचं नाव पडलं. जर्मन लोक त्याच झाडाला वेर्मूट म्हणत; त्यावरून व्हर्मूथ हे दुसऱ्या दारूचं नाव झालं. औषधाचं नाव असं बाटलीवर गेलं, आणि औषध मागं राहिलं.

म्हणून नाव वाचा. अरिष्ट किंवा आसव लिहिलं असेल तर घोट घोट प्यायचं नाही. डॉक्टर किंवा वैद्य सांगतील तेवढंच, बहुधा तेवढ्याच पाण्यात मिसळून. पोटात बाळ असेल, अंगावर पाजत असाल, यकृताचा त्रास असेल, दुसऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी विचारा. लेकरांना आपल्या मनानं चमचा देऊ नका. आणि घरात कुणी कष्टानं दारू सोडली असेल, तर त्याच्या हाताला ही बाटली लागू देऊ नका. आमच्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं.

आमच्या त्या मैत्रिणीनं बाटली उघडली नाही. आरोग्य केंद्रात दाखवायला पिशवीत घालून ठेवलीय. सासूबाई रुसल्यात थोड्या, पण सोबत त्याच येणार आहेत.